सोलो अल्बमचा ड्रमर

गिटारचं खोकं पाठीला लावून एस.टी.त चढलं की कंडक्टर आधी खोक्याकडे पाहतात आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. मागे एकाने विचारलं, "आजी, नातवाची सतार का?" मी सांगितलं, सतार नाही, गिटार आहे, आणि माझीच आहे. तो तिकीट देऊन पुढे गेला, दोन सीट ओलांडल्यावर परत आला आणि हळूच विचारता झाला, विजेवर चालते का ही?

चालते. म्हणूनच वर्धा जिल्ह्यातल्या निम्म्या गावांत माझा कार्यक्रम ऐन रंगात असताना बंद पडलेला आहे.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं, की इतक्या वर्षांनी तुमचा स्वतःचा अल्बम आलाय, तर रॉक संगीतातली स्त्री या विषयावर काहीतरी लिहा. मी हो म्हटलं आणि पुढचे कितीतरी दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिले. त्या विषयावर एक वाक्य सुचेना. डोक्यात येत होता तो मधू. मधू म्हणजे आमचा ड्रमर. वर्ध्याजवळच्या सेलूला त्याचं रंगाचं आणि लोखंडी सामानाचं दुकान आहे. तेव्हा त्याचंच सांगते. रॉकमधल्या स्त्रीचं त्यात जे येईल ते येईल.

आधी धंद्याबद्दल थोडं. इलेक्ट्रिक गिटार नुसती हातात घेऊन वाजवली तर फणीच्या दातांवरून नख फिरवल्याइतकाच आवाज येतो. तिचा खरा आवाज वायरच्या दुसऱ्या टोकाला, खोक्यात असतो. समोर उभं राहून मी तारा छेडते म्हणून लोक माझ्याकडे बघतात. पण गाणं धरून ठेवणारा माणूस मागे बसलेला असतो. ड्रमर मला दिसत नाही, तो पाठीत कळतो. बेस ड्रमचा ठोका पाठीच्या कण्याला लागतो आणि त्या ठोक्यावर विश्वास टाकून मी पुढे काहीही करू शकते. तो विश्वास नसेल तर माणूस सांभाळून वाजवतो, आणि सांभाळून वाजवलेलं रॉक म्हणजे गार झालेली भजी.

कॉलेजात असताना आम्ही चौघांनी वर्ध्यात बँड काढला. नाव ठेवलं 'लू'. वैशाखात दुपारी जी झळ अंग भाजून काढते ती लू. मधूने ते नाव बेस ड्रमच्या तोंडावर लाल रंगात, इंग्रजी अक्षरांत रंगवलं. वडिलांचंच दुकान, रंगाला तोटा नव्हता. पहिल्या कार्यक्रमानंतर इंग्रजीच्या एका प्राध्यापकांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की ही अक्षरं विलायतेत संडासावर लिहितात. बाकीचे दोघं कानकोंडे झाले. मधू म्हणाला, विलायतेत कार्यक्रम लागला की खोडून टाकू.

माझी गिटार नागपूरला अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांची. ते देश सोडून चालले होते. माझे वडील रेल्वेत फिटर. त्यांनी ती चादरीत गुंडाळून पॅसेंजरने वर्ध्याला आणली. आमच्या वस्तीत भीमजयंतीला पेटी, ढोलकी आणि काकांचा बेंजो असायचा, त्यामुळे तारांचा नाद घराला होताच. विजेवरची तार मात्र कोणी पाहिली नव्हती. सुरुवातीला सारी गल्ली दारात जमायची आणि थोड्या वेळाने कानात बोटं घालून परत जायची.

मधूच्या घरी सेलूला मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांना स्टीलच्या कपांत चहा आला आणि मला काचेच्या ग्लासात. मधूने बोलता बोलता माझा ग्लास उचलून तोंडाला लावला आणि स्वतःचा कप माझ्यापुढे सरकवला. त्याची आई दारात उभी होती. पुढच्या खेपेला मला कप आला. त्या गोष्टीवर मधू आणि मी आजवर बोललेलो नाही.

बँड म्हणून आम्ही फार काही केलं नाही. पण हायवेवरच्या जाम गावचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जामच्या चौफुलीवर एका ढाबेवाल्याने उद्घाटनाला आम्हाला बोलावलं. त्याचं गणित साधं होतं, आवाज मोठा असला की ट्रक थांबतील. ट्रक थांबलेही. मग ड्रायव्हर लोक सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश करू लागले, आणि आम्हाला तर आमचीच गाणी वाजवायची होती. एक सरदारजी चिडून आपल्या ट्रकमध्ये चढले आणि आम्हाला बंद पाडायला त्यांनी हॉर्न दाबला. मधूने तो हॉर्न ठोक्यात पकडला. त्यांनी पुन्हा दाबला, मधूने पुन्हा पकडला. हॉर्नचा सूर माझ्या गिटारच्या दांडीवरच्या कुठल्याच पडद्यावर मिळेना, दोन पडद्यांच्या मधोमध कुठेतरी होता. मी बोटाने तार वर ओढत ओढत तो गाठला. तोवर बाकीच्या ट्रकवाल्यांनाही चेव आला. पुढे जे काही झालं त्याला गाणं म्हणतात की नाही ते मला सांगता येणार नाही, पण ढाब्याच्या आचाऱ्यापासून पोलीस शिपायापर्यंत सगळे नाचत होते आणि सरदारजी हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हते. मी मागे वळून मधूकडे पाहिलं. त्याने मान हलवून मला पुढे बघायला सांगितलं. ड्रमरकडे बघायचं नसतं, वाजवायचं असतं.

मग जे व्हायचं ते झालं. गाणारा आखातात गेला, बेसवाला पाटबंधारे खात्यात लागला. मधूच्या वडिलांना हृदयाचा झटका आला आणि दुकान त्याच्यावर आलं. त्याने ड्रम दुकानामागच्या गोदामात नेऊन ठेवले. भांडण नाही, निरोपसमारंभ नाही. मी नागपूरचा एक ड्रमर घेऊन एकटीच्या नावाने एक कॅसेट काढली. ती फार कुणी ऐकली नाही. त्यानंतर मी दुसऱ्यांची गाणी वाजवत राहिले आणि माझी वाजवायची राहून गेली.

यात रडण्यासारखं काही नाही. ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर माझं नाव नसायचं, 'लेडीज गिटार' असं असायचं, आणि त्यावर गर्दी व्हायची. भीमगीतांच्या पार्टीत वाजवलं, नवरात्रात वाजवलं, लग्नांत वाजवलं. हिंगणघाटच्या एका वरबापाने मला पडद्यामागे उभं राहून वाजवायला सांगितलं, कारण त्यांच्या थोरल्या काकांना बाईमाणूस स्टेजवर चालत नव्हतं. कार्यक्रम रंगात आल्यावर त्या काकांनीच येऊन पडदा ओढून पाडला. कोण वाजवून राह्यलं ते तरी पाहू द्या, असं त्यांचं म्हणणं. खेड्यांत वीज आकडा टाकून घेतलेली असायची. हातात गिटार धरून ओठ माइकला लागला की असा झटका बसायचा की दात हलायचे. स्लीपर घालून, लाकडी खोक्यावर उभं राहून मी कित्येक जयंत्या वाजवल्या. मग डीजे आले. एका टेम्पोत आमच्या सगळ्यांचं काम होऊ लागलं. मी घरी गिटारच्या शिकवण्या सुरू केल्या.

आणि तिथे माझं बिनसलं. शिकवताना हात चालतात, पण मन भरत नाही. मी स्वयंपाक करताना कढईवर ठोके द्यायची, बसले की पाय हलायचा, पंगतीत शेजारची बाई म्हणायची, तब्येत बरी नाही का. माझा नवरा दिलीप पोस्टातून निवृत्त झालेला, शांत माणूस. एकदा पेपर बाजूला ठेवून तो म्हणाला, "सुजाता, तू एक तर गाणी कर नाही तर रोज सेवाग्रामपर्यंत चालत जाऊन ये. मला पेपर वाचता येत नाही." मी गाणी केली. वऱ्हाडी बोलीतली, आठ. गळा कधी माझा गोड नव्हता, आता तो खरवडलेल्या तव्यासारखा झाला आहे. या गाण्यांना तो चालत होता.

नितीन नावाच्या ओळखीच्या माणसाचा वर्ध्यात स्टुडिओ आहे. घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, मधे काच, भिंतींना फोम, दाराला गादी. तिथे निवडणुकीची प्रचारगीतं आणि भजनं होतात. आवाज धरताना, म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी, पंखा, कूलर, सगळं बंद करावं लागतं, आणि आम्ही सुरुवात केली मे महिन्यात. नितीनने ड्रम कॉम्प्युटरवर बसवून दिले. आता सगळीकडे तसंच करतात. ठोका चुकत नाही, ड्रमर उशिरा येत नाही, त्याला गावावरून आणावं लागत नाही. मी हेडफोन लावून वाजवायला उभी राहिले आणि पहिल्याच गाण्यात मला वाटलं की मागे कोणी नाही. ठोका कानात होता, पाठीत नव्हता. मी थांबायची, खोलीत फेऱ्या मारायची, पुन्हा सुरू करायची. नितीनने चार वेळा चहा मागवला. शेवटी तो म्हणाला, ताई, तुम्हाला नक्की काय पाहिजे ते सांगा. मी म्हटलं, मी सेलूला जाऊन येते.

मधू गल्ल्याजवळ बसला होता. माझं बोलणं त्याने नीट ऐकून घेतलं, मधे दोन गिऱ्हाइकं केली. मग म्हणाला, "सोलो म्हणते ना तू? मंग मले काऊन बोलावून राह्यली?"

मी म्हटलं, सोलो म्हणजे नाव एकटीचं, वाजवतात सगळे. तो हसला. एवढ्यात एक माणूस खिळे घ्यायला आला, आणि मधूने डाव्या हाताने तराजूचं पारडं धरलं तेव्हा पारड्यातले खिळे वाजायला लागले. त्याने पटकन हात काउंटरखाली घेतला आणि नोकराला हाक मारली. माझ्याकडे पाहिलं नाही. दुकान सोडून जमणार नाही, एवढंच बोलला.

त्याची बायको, कल्पनावहिनी, मला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत तिने सांगितलं की कंपवात आहे. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. लग्नाकार्याला जाणं त्याने सोडलंय, कारण चारचौघांत जेवताना घास सांडतो. "तुम्ही आल्या म्हणून बाहेर तरी बसला आज," ती म्हणाली. "नाई तं कोणी ओळखीचं दिसलं का अंदर जाते." मी बसमध्ये बसले आणि ठरवलं की हा विषय पुन्हा काढायचा नाही.

विषय त्यानेच काढला. चार-सहा दिवसांनी सकाळीच फोन आला. गाणी कोणती आहेत, चाल कशी आहे, पाठव म्हणाला. मग म्हणाला की गोदामातून ड्रम काढलेत, बेसची कातडी गेली आहे, नवी सांगितली आहे. मी सेलूला गेले तेव्हा डिस्टेंपरच्या डब्यांच्या रांगांमध्ये ड्रम मांडलेले होते आणि मधू आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसला होता.

आणि काय सांगू, काठ्या हातात घेतल्याबरोबर थरथर गेली. खोटं नाही. डॉक्टर सांगतात म्हणे तसंच झालं, हात रिकामा असला की कंप जास्त, कामाला लागला की कमी. आम्ही दोन गाणी वाजवली. वहिनी दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, झालं, अल्बम झाला.

पुढच्या आठवड्यात टेम्पोत ड्रम घालून तो वर्ध्याला आला. पंखा बंद, अंगातून पाणी, आणि आम्ही तीन गाणी धरली. प्रत्येक गाणं संपलं की नितीन काचेमागून अंगठा दाखवायचा. मधूचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो खुशीत होता. जाताना त्याने स्टँडवर उसाचा रस पाजला, ग्लास दोन्ही हातांनी धरून.

घरी येऊन मी ते ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. दिलीपला ऐकवलं, त्याला छान वाटलं. मला काहीतरी टोचत होतं. गाणं सुरू होताना ज्या चालीने निघायचं त्या चालीने मधेपर्यंत राहत नव्हतं, बसत चाललं होतं. आणि हात मारायच्या मोठ्या जागा, जिथे मधू पूर्वी सगळे ड्रम घुसळून काढायचा, तिथे तो दोन ठोके देऊन परत येत होता. पण खरं टोचणारं हे नव्हतंच. मी त्याच्याबरोबर मंद होत होते. तो ठोक्यावर येईपर्यंत मी तार धरून ठेवत होते. जिथे झेप घ्यायची तिथे मी उंबऱ्यावर उभी राहून त्याची वाट बघत होते.

नितीनने दुसऱ्या दिवशी सांगितलं की कॉम्प्युटरवर एकेक ठोका उचलून जागेवर ठेवता येतो, मधूकाकांना कळणारही नाही. मी म्हटलं, नको, आहे तसं राहू दे. हे माझ्या माणसाचं वाजवणं आहे. असं म्हणताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

मधूला ऐकायचं होतं. मी टाळत राहिले, पण तो रोज फोन करू लागला. दुपारी जेवायच्या वेळेला दुकानात गर्दी नसते, तेव्हा मी गेले. त्याने माझे हेडफोन लावले आणि डोळे मिटून तिन्ही गाणी ऐकली. हेडफोन काढून काउंटरवर ठेवले.

"तू माह्यासाठी थांबून राह्यली," तो म्हणाला.

मी म्हटलं, तसं काही नाही, या वयात चाल थोडी बसते, माझीही बसली आहे. त्याने ऐकून घेतलं नाही. "आपल्या बँडमधी कोणी कोणासाठी थांबलं होतं का? मी ताप घेऊन आर्वीले वाजवलं, तवा थांबली होती का तू? मंग आता काऊन थांबते?"

मलाही राग आला. मी म्हटलं, मला मशीन नको, मला नागपूरचा कोणी नको, मले तूच पाह्यजे.

"तुले मी पाह्यजे का ड्रम पाह्यजे, ते आधी ठरव," मधू म्हणाला. "मी पाह्यजे असन तं इथं दुकानात येत जा, चहा पी, बस. ड्रम पाह्यजे असन तं ड्रमर पाह्य. मले बसवून ठेवाले गाणं नको करू."

मी हेडफोन उचलून निघाले. चहा आला होता तो तसाच राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही बोललो नाही. मी शिकवण्या घेतल्या, मुलांवर विनाकारण ओरडले. दिलीप पेपर घेऊन गच्चीवर जाऊन बसू लागला. चूक माझी होती हे मला कळत होतं, पण कोणती ते नीट मांडता येत नव्हतं. मी त्याच्यावर दया केली होती असं मला वाटत नव्हतं. मी तर प्रेमाने थांबले होते. पण पुढे बघायचं सोडून मी सारा वेळ मागे बघत होते, आणि जामच्या चौफुलीवर त्याने मला तेच करू नको म्हणून सांगितलं होतं.

पाऊस लागून शेतं हिरवी झाल्यावर एके दिवशी नितीनचा फोन आला. मधूकाका आलेत आणि बरोबर एक माणूस आहे. मी रिक्षा करून पोचले. माणूस पस्तिशीचा, सचिन नावाचा, नागपूरला बँकेत नोकरी, सुट्टीच्या दिवशी ड्रम वाजवणारा. मधू वहिनीला घेऊन बसने नागपूरला गेला होता. एकदा नाही, दोन-तीनदा. ओळखी काढून त्याने तिथले ड्रमर ऐकले होते आणि हा निवडला होता. मला सांगायची गरज त्याला वाटली नव्हती. अल्बम माझा होता, पण ड्रमची जागा त्याची होती, ती कोणाला द्यायची ते तोच ठरवणार.

आम्ही लागोपाठ सुट्ट्यांच्या दिवशी वाजवलं. मधू सचिनच्या शेजारी स्टूल टाकून बसायचा आणि तोंडाने सांगायचा, इथं धाड, इथं तिक, इथं काही नको, तिले एकटी जाऊ दे. चुकलं की सरळ बोलायचा. सचिन बँकेत साहेब असेल, इथे मान खाली घालून ऐकायचा. आणि मधूचा डावा हात मांडीवर उघडा थरथरत असायचा. नितीन, सचिन, चहावाला, सगळ्यांसमोर. तो झाकायचं त्याच्या लक्षातही नव्हतं.

मी पहिल्या दिवशी मुद्दाम तोंड वाकडं करून वाजवलं. दुसऱ्या गाण्यात सचिनने मला मागून असं ढकललं की माझी बोटं मागे पडली. किती वर्षांनी मला कोणासाठी तरी धावावं लागलं होतं. तिसऱ्या सुट्टीपर्यंत बोटांची कातडी फुटली. पट्ट्या चिकटवून वाजवलं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. मधूकडे पाहिलं तर तो सचिनला सांगत होता की झांज इतक्या जोरात नको, कानातला मळ निघते.

आधीची तीन पुन्हा नव्याने धरून सात गाणी झाली. आठवं राहिलं होतं, ते मी शेवटी ठेवलं होतं. सचिन घाम पुसून बसायला निघाला तर मधूने त्याच्या हातातल्या काठ्या घेतल्या.

"हे एक मी वाजवतो," तो मला म्हणाला. "पण तू थांबायचं नाई. मी कुठंही असो, तू थांबायचं नाई. थांबली तं मी उठून सेलूले जाईन, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, आणि तू मागे राहिलास तर?

"तं राह्यलो."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तो दिसला असता तर मला जमलं नसतं. मधूने काठीवर काठी आपटून चाल दिली, अगदी पूर्वीची, चढी. आम्ही निघालो. पहिलं कडवं तर असं गेलं की खोली हलली. पाठीत ठोका आला, कण्याला लागला, मी मागे काही शिल्लक न ठेवता वाजवलं. दुसऱ्या कडव्यात तो केसभर मागे सरकला. मी ऐकलं आणि गेले. मग हातभर. ठोका माझ्या सुराच्या मागून येऊ लागला, घाईघाईत हाका मारत येणाऱ्या माणसासारखा. माझा सगळा जीव म्हणत होता, एक ठोका थांब, फक्त एक, त्याला कळणारही नाही. त्याला कळलं असतं. पुढे एकदा तो जवळ आला, बरोबरीला आला, आणि गेला. मग झांजेचा एक हलका आवाज आणि त्यानंतर काही नाही.

गाणं निम्म्याहून जास्त राहिलं होतं. मी ते एकटीने वाजवलं. गायले पण. इतकी वर्षं स्टेजवर काढली, ओठांना झटके खाल्ले, पण यापेक्षा अवघड काम मी केलेलं नाही. शेवटची तार विझेपर्यंत मी वळले नाही.

वळले तेव्हा मधू शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता. काठ्या सचिनच्या हातात होत्या. नितीन काचेमागून बाहेर आला आणि हळूच म्हणाला, ताई, ड्रम बंद पडले तिथून सचिनदादाकडून जोडून घेऊ का. मी उत्तर द्यायच्या आत मधू म्हणाला, "जोडायचं काही नाई. असंच राह्यते हे."

असंच राहिलं आहे. अल्बममधलं आठवं गाणं तेच. मधूचं नाव 'मार्गदर्शन' म्हणून टाकू का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, मी काय शाळेचा हेडमास्तर व्हय. म्हणून आठव्या गाण्यासमोर नुसतं 'ड्रम : मधू' एवढंच आहे.

आता अल्बम मोबाइलवर आहे, ज्याला पाहिजे तो ऐकतो. पूर्वीच्या कॅसेटपेक्षा जास्त लोकांनी ऐकला, एवढं नक्की. माझ्या समाधानाचं विचाराल तर ते नाही. पाचव्या गाण्यात मी एका जागी सूर खालीच सोडलाय, तो रोज ऐकू येतो. नवी चाल सुचली आहे, ती झोपू देत नाही. मी दर दोन-तीन दिवसांनी सेलूला जाते, काउंटरच्या आत बसते, चहा पिते. मधू हल्ली उजव्या हातानेही काही उचलताना विचार करतो. गोळ्या वाढल्या आहेत. आम्ही त्यावर बोलत नाही, रंगाच्या भावावर बोलतो.

मागच्या आठवड्यात मला मोबाइलवर एक निरोप आला. कोणीतरी अमरावतीचा, नाव दिलेलं नाही. त्याने लिहिलं होतं, अल्बम आवडला, पण शेवटच्या गाण्यात ड्रम मधेच गायब झालाय, मिक्सिंगमध्ये चूक आहे, दुरुस्त करून घ्या. मी ते मधूला वाचून दाखवलं. तो एका गिऱ्हाइकाला ब्रश दाखवत होता. मागे न बघता म्हणाला, "त्याले सांग, ड्रमर चहा प्याले गेलता."

मी तेच, त्याच शब्दांत, अमरावतीला लिहून पाठवलं. लगेच उलट निरोप आला. "मग परत कधी येणार?"

त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.